पडवीपर्यंतची रेंज

राजेश्वर, १२ नोव्हेंबर २०१०, शुक्रवार

अनसाबाई आजही वेळेच्या आधीच आल्या. कुवेतला शुक्रवारी सुटी असते आणि त्यांचा नागराज दुपारी जेवणानंतरच कॉम्प्युटरवर दिसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी लवकर येतात आणि ओट्यावर बसून राहतात. आत बोलावलं की म्हणतात, "असू द्या गुर्जी, तुमचं जेवण व्हायचं आसंल." शुक्रवारी माझं जेवण लवकरच उरकलेलं असतं.

जयंतीनं हा लॅपटॉप पुण्याहून पाठवला तो बापाला एकटं वाटू नये म्हणून. तिच्याच हट्टानं टेलिफोनवर इंटरनेट घेतलं, बैठकीत तो बिनतारी डबा बसवला. आणि आता त्याचा सगळ्यात जास्त उपयोग करतात त्या गल्लीच्या टोकाच्या अनसाबाई. शाळेत हेडमास्तर होतो तोवर मी त्यांना फक्त तुळजारामची बायको म्हणून ओळखत होतो. तुळजारामनं मेंढरं विकून तुरीचं रान घेतलं आणि थोड्याच वर्षांत तो गेला. मुलगा हुमनाबादच्या कारखान्यात वेल्डिंग शिकला आणि कुवेतला गेला. सून धनलक्ष्मी इथंच सासूजवळ असते.

आज नागराजला त्यांनी ताट कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. "हे काय खायलास? ह्याला भाकर मनतेत व्हय?"

"माय, खुबूस हाय. इथली रोटी."

"वातड दिसायलीय. गुर्जी, तुमी तरी सांगा ह्याला."

मी काय सांगणार? मी सांगितलं, नीट जेवत जा.

जाताना खिडकीत भुईमुगाच्या शेंगा ठेवून गेल्या. नको म्हणून किती वेळा सांगितलं आहे. शुक्रवारी दुसरं काही कामच होत नाही. याला शिस्त लावली पाहिजे.

१८ नोव्हेंबर

वाईट झालं. अनसाबाई काल गोठ्याच्या पायरीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. किराणा दुकानदार गुरुशांतप्पांच्या जीपमधून सोलापूरला नेलं, असं धनलक्ष्मीच्या शेजारणीकडून कळलं. आपल्या गल्लीतली गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळते. माझा पाण्याचा पंप चालू असेल, ऐकू आलं नसेल.

जेवण गेलं नाही. कालची भाजी होती, कदाचित म्हणून.

१ डिसेंबर

अनसाबाईंना घरी आणलं आहे. बघून आलो. हाडात सळई घातली आहे. आतल्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी हाक मारली तर मान वळवली, पण लुगड्याचा पदर चेहऱ्यावर ओढून घेतला.

धनलक्ष्मीनं मला पडवीत गाठलं. "डाक्टर मनला, चालायचा वाकर धरून रोज उठवा. उठल्या तर पुन्ना चालतील. पडून ऱ्हायल्या तर पाठीला जखमा व्हतील, छातीत पानी व्हईल. मंग आपल्या हातात काय न्हाई मनला." तिचे डोळे भरून आले. "आन् आत्या तर उठंनातच. मनतेत, गेलेल्या मालकाकडं जायचं हाय, मला कामून छळायलीस?"

नागराजला जूनपर्यंत सुटी नाही. त्याचा मोबाइलवर फोन येतो. त्या कानाला लावतात, "बरी हाय" म्हणतात आणि परत देतात.

३ डिसेंबर, शुक्रवार

ओटा मोकळा.

नागराज कॉम्प्युटरवर आला. खुर्चीत मला एकट्यालाच पाहून त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "सर, मला मायला बगायचंय. फोनवर खोटं बोलतीय ती."

मग मला सुचलं. लॅपटॉप उचलला आणि चालता चालता बोलत निघालो. माझ्या ओट्यावर तो ठीक दिसत होता. गुरुशांतप्पांच्या दुकानापाशी अडखळला. कोपऱ्यावरच्या कडुलिंबापाशी गेलो आणि गडी गेलाच. मी रस्त्याच्या मधोमध उघडा लॅपटॉप धरून उभा. गुरुशांतप्पा गल्ल्यावरून बघत होते. आमचं बोलणं नाही, गटाराच्या पाण्यावरून बंद पडलेलं.

५ डिसेंबर

हुमनाबादला जाऊन आलो. बसस्टँडमागे श्रीशैलचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. माझा डबा त्यानंच बसवला होता. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "सर, रेंज वाढवायची आसंल तर आनखी एक डबा लावावा लागतो. ॲक्सेस पॉइंट. तुमच्या डब्याचं ऐकून तो पुढं सांगतो." घेऊन आलो. कसा लावायचा ते त्यानं दाखवलं आणि मी लिहूनही घेतलं. यात न जमण्यासारखं काही दिसत नाही.

जयंतीचा फोन आला. म्हणाली, "बाबा, मी गेल्या वर्षी तुम्हाला दिवाळीला पुण्याला या म्हटलं तर बसमध्ये कंबर धरते म्हणाला होतात." मी म्हटलं, हुमनाबाद जवळ आहे. ती का हसली कळलं नाही.

१० डिसेंबर, शुक्रवार

फजिती.

नवा डबा अनसाबाईंच्या दारातच लावला. त्यांच्या जवळात जवळ असला तर बरं, असा माझा विचार. हिरवा दिवाही लागला. लॅपटॉप आतल्या खोलीत खाटेजवळ स्टुलावर ठेवला. धनलक्ष्मीनं सासूबाईंना उशीला टेकवलं. नागराज आला. "माय" एवढं ऐकू आलं आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. डोळा एकीकडे, हनुवटी भलतीकडे. आवाज टिनाच्या डब्यात खडे हलवल्यासारखा.

अनसाबाई घाबरल्याच. "गुर्जी! लेकराचं त्वांड असं कामून फुटायलंय? काय झालं त्याला? काय लपवायलाव माझ्यापासनं?"

"काही झालं नाही, अनसाबाई. रेंज कमी आहे."

"बंद करा. बंद करा ते."

मी बंद केलं. त्या भिंतीकडे वळल्या. खांदे हलत होते. आयुष्यभर वर्गात उभा राहिलो, पण आज त्या खोलीतून बाहेर कसं पडावं ते कळेना.

१३ डिसेंबर

श्रीशैल मोटारसायकलवरून आला. डबा बघून म्हणाला, "सर, इथं ह्याला तुमच्या घरचं धड ऐकूच येत न्हाई. जे अर्धवट ऐकतंय तेच पुढं सांगतंय." मधे लावायला हवा, जिथं माझ्या डब्याचा आवाज चांगला पोचतो तिथं. गल्लीत हिंडून त्यानं जागा शोधली. जागा म्हणजे गुरुशांतप्पांच्या दुकानावरची माडी.

दुसरी जागा बघ म्हटलं. त्यानं लिंबाचं झाड दाखवलं. झाडाला करंट कुठला?

१६ डिसेंबर

तीन दिवस मनात वाक्यं जुळवत होतो. गटाराचा विषय काढायचा की नाही? काढला तर आधी की नंतर? शेवटी आज सकाळी दुकानात शिरलो तेव्हा तोंडातून निघालं ते, "एक किलो साखर द्या."

गुरुशांतप्पांनी साखर जोखली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "बर्री सर, कूड्री." या, बसा. बसलो. "साखर तर तुमी बसवकल्याणहून आनता. काय काम हाय?"

मी सांगितलं. माडी, डबा, करंट, सगळं एका दमात. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"अनसाक्कासाठी?"

"हो."

"मंग हे काय पुसायचं काम हाय व्हय? मी तुमाला रस्त्यात ते उघडं पेटारं घेऊन हुबं ऱ्हायलेलं बगितलं. मनात मनलं, हेडमास्तरला झालंय तरी काय?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुकानाला इन्व्हर्टर हाय. करंट गेला तरी तुमचा डबा चालू ऱ्हाईल. वायर जोडून देतो."

मी म्हटलं, त्या गटाराचं...

"त्ये वाहतंय की आता," ते म्हणाले. साखरेचे पैसे मात्र घेतले.

१७ डिसेंबर, शुक्रवार

जमलं! आणि जमलंही नाही.

श्रीशैलनं डबा माडीच्या खिडकीत बसवला. अनसाबाईंच्या अंगणात चित्र स्वच्छ, पडवीतही स्वच्छ. नागराजच्या मिशीचे केस मोजावेत इतकं. पण पडवीतून आतल्या खोलीत पाऊल टाकलं की संपलं. मधली भिंत दगडाची, हातभर रुंद, त्यात वर पत्रा. श्रीशैल म्हणाला, सोपं आहे. पडवीतून वायर आत ओढायची आणि आतल्या खोलीत तिसरा डबा लावायचा. पिशवीत होताच त्याच्या. मी लाव म्हणणार, तेवढ्यात धनलक्ष्मी मधे आली.

"नगं, गुर्जी."

"नको? का?"

"आत लावलं तर आत्या आतच ऱ्हातील." ती पदर बोटाला गुंडाळत होती, पण आवाज ठाम होता. "बाहीर दिसतंय न्हवं त्यांचं लेकरू? मंग त्यांना बाहीर येऊ द्या."

खाटेपासून पडवी काही लांब नाही. धडधाकट माणसाला ते अंतर वाटणारही नाही. पण अनसाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग खाट उचला."

धनलक्ष्मी म्हणाली, खाट दारातून निघत नाही. खोटं बोलली. खाट निघते, मी डोळ्यांनी मापली.

"तुमचं ते मशिन आत आना की, गुर्जी."

"आत रेंज येत नाही, अनसाबाई." हे खरं होतं. पण श्रीशैलची पिशवी माझ्या पायाशी होती आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"एवढं शिकलाव, आन् एका भिताडाम्होरं टेकलाव?" असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

श्रीशैलकडून तिसरा डबा ठेवून घेतला आहे. असू दे जवळ.

२४ डिसेंबर, शुक्रवार

त्या आल्या नाहीत बाहेर.

लॅपटॉप पडवीत स्टुलावर. नागराज विचारतो, माय कुठाय? मी म्हटलं, आत आहे, हाक मार. त्यानं हाक मारली. घसा फुटेपर्यंत. आतून उत्तर आलं, "वरडू नकोस, मेली न्हाई मी आजून."

मग मायलेक तसेच बोलले. तो इकडे पडद्यात, त्या तिकडे भिंतीआड. कुणाला कुणी दिसत नव्हतं. थंडी किती, स्वेटर घेतलास का, तूर फुलाला आली का, शेळीला काय झालं. मी स्टुलाशेजारी बसून होतो. मधे एकदा त्या म्हणाल्या, "वाळलाय का रे तू?" तो म्हणाला, "येऊन बग."

४ जानेवारी २०११, येळवस (वेळ अमावास्या)

आख्खं गाव रानात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, डोक्यावर आंबील भरलेली मडकी, बिंदगी. दुपारी धनलक्ष्मी पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील घेऊन आली. शेताची पूजा एकटीनंच उरकून आली म्हणे. "आत्यानी उंडे करायला शिकवलं, पर खाल्लं न्हाई कायच. मनल्या, येळवशीला घरात पडून कोन खातंय?"

ती गेल्यावर मी तिसरा डबा काढला आणि बगलेत मारून निघालो. पुरे झालं. औषध म्हणून कुणाला उपाशी ठेवायचं का? त्या बाईला मुलगा दिसू दे. पाठीचं, छातीचं काय व्हायचं ते होईल.

गल्ली रिकामी होती. पडवीपर्यंत गेलो. आत धनलक्ष्मी सासूला म्हणत होती, "आजून एक पाऊल. माझ्या खांद्यावर भार टाका. हां, आजून एक." आणि अनसाबाई कण्हत, शिव्या देत होत्या. मला, डॉक्टरला, भिंत बांधणाऱ्या गवंड्याला. माझा नंबर पहिला होता.

आल्या पावली परतलो. डबा उद्या श्रीशैलला परत देतो. घरात असला की हात शिवशिवतात.

७ जानेवारी, शुक्रवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

मी नेहमीप्रमाणे पडवीत लॅपटॉप लावला. नागराज आला. हाक मारली. आतून उत्तर नाही. मग वॉकरचा ठक असा आवाज. थांबला. पुन्हा ठक. धनलक्ष्मी दाराशी आली ती उलटी चालत, दोन्ही हात पुढे करून, लहान मुलाला चालवताना धरतात तसे. तिच्यामागून अनसाबाई. चेहरा घामानं भिजलेला, ओठ दातांखाली, केस विंचरलेले. उंबऱ्याशी अडल्या. मी उठलो.

"बसा तुमी," त्या मला म्हणाल्या. "मधी येऊ नका."

उंबरा ओलांडला. खुर्चीत बसताना ओरडल्या, पण बसल्या. धाप कमी झाल्यावर पडद्याकडे पाहिलं. नागराज रडत होता. वेल्डिंगनं भाजलेल्या हातांनी तोंड झाकून रडत होता.

"हात काढ," त्या म्हणाल्या. "त्वांड बगायला एवढं आले, आन् हात दावायलास व्हय?"

त्यानं हात काढले. त्या पडद्याला बोट लावून त्याच्या गालावरून फिरवत राहिल्या. "वाळला न्हाईस. उगंच घोर लावलास मला."

मी अंगणात जाऊन रेंज नीट आहे का ते पाहून आलो. तसं तपासण्यासारखं काही नव्हतं.

२५ जानेवारी

आजकाल मी रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन तिकडे जातो. नागराज शुक्रवारीच असतो, पण इतर दिवशीही रेंज बघून ठेवलेली बरी. ऐन वेळी घोटाळा नको. अनसाबाई वॉकर धरून पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात आणि बोलतात. मेंढरांमागे बार्शीपर्यंत गेल्या होत्या, पोटात नागराज असताना. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाल्या, "कशाची? मेंढरं व्हती की संगं."

जयंतीची आई, सुमती, असती तर त्यांच्याशी तिचं फार जमलं असतं. त्यांनाही तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगा की त्यांचं कायतरी." मी सांगत बसलो. अंधार पडल्याचं गुरुशांतप्पांनी दिवे लावल्यावर कळलं.

११ फेब्रुवारी

जयंती फोनवर म्हणाली, "संध्याकाळी तुम्ही फोनच उचलत नाही, बाबा." म्हटलं, नेटवर्कचं काम असतं. ती म्हणाली, "चालू द्या काम." मुलांना या गोष्टींतली मेहनत कळत नाही.

४ मार्च, शुक्रवार

नागराजचा एक सोबती सुटीवर भालकीला आला. त्याच्याबरोबर नागराजनं मायसाठी छोटा लॅपटॉप पाठवला. मी तो सुरू करून दिला, माडीवरच्या डब्याला जोडून दिला. धनलक्ष्मी दहावी शिकली आहे, एकदा दाखवलं आणि तिला सगळं जमलं. अनसाबाई आता अंगणातही चालतात. सगळं सुरळीत झालं. जे करायचं ठरवलं होतं ते पूर्ण झालं. समाधान आहे.

लॅपटॉप घरी आणून टेबलावर ठेवला.

१० मार्च

गेले काही दिवस लिहिण्यासारखं काही नाही. संध्याकाळी पेपर दुसऱ्यांदा वाचतो. गुरुशांतप्पा विचारत होते, तब्येत बरी आहे ना? म्हटलं, उत्तम. आता तिकडे माझं काम उरलेलं नाही, कारण नसताना दोन बायकांच्या घरी जाऊन बसणं बरं दिसत नाही.

११ मार्च, शुक्रवार

दुपारी पडलो होतो. झोप नव्हती. ओट्यावर ठक असा आवाज आला. मग पुन्हा. उठून पाहिलं तर अनसाबाई. एकट्या. वॉकरवर वाकून श्वास घेत होत्या. पलीकडे गुरुशांतप्पा दुकानाच्या पायरीवर उभे, सगळी गल्ली पार होईपर्यंत नजर ठेवून असावेत. मला बघून ते आत गेले.

मी घाबरलो. "काय झालं? रेंज गेली का?"

"रेंज हाय."

"नागराज दिसला नाही?"

"दिसला. बोलला. बरा हाय."

"मग लॅपटॉप बिघडला?"

"कायच बिघडलं न्हाई, गुर्जी." त्या ओट्यावर टेकल्या. पाय हळूच लांब केला. "आठ दिस झाले. तुमी कामून आला न्हाई?"

मी त्यांना समजावून सांगितलं. आता त्यांचं स्वतःचं यंत्र आहे, धनलक्ष्मीला सगळं येतं, मधला डबा इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे मी येण्याची तांत्रिक गरज राहिलेली नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं सांगून?"

"झालं."

"मंग च्या ठेवा. साखर कमी."

चहा केला. ओट्यावरच बसून प्यालो. पाय कुठं दुखतो, उन्हाळ्यात शेळ्या घ्याव्यात का, असं काहीबाही बोलणं झालं. ऊन उतरल्यावर त्या उठल्या. म्हणाल्या, "आज मी आले. रोज यायचं मनलं तर माझ्या पायाला लांब पडतंय. उद्यापासनं तुमीच यायचं."

"मशिन घेऊन येऊ?"

"कशाला वजन?"

त्यांना घरी सोडायला गेलो. वॉकर पुढे टाकायचा, थांबायचं, मग पाय. मी त्यांच्या चालीनं चाललो. लिंबाखाली त्या थांबल्या तर मीही थांबलो. कुणालाच घाई नव्हती. धनलक्ष्मीनं जेवूनच जा म्हटलं, जेवलो.

घरी परतलो तर दार सताड उघडं. दिवा जळतोय, कपबश्या ओट्यावर तशाच, टेबलावर लॅपटॉप. कुलूप लावायचं लक्षातच आलं नाही. असं माझं कधी होत नाही.